वाचक विचारतात: वाऱ्याची पेटी, थंड रिव्हेट आणि थरथरणारी पाती

विमानविद्येच्या सुरुवातीच्या संशोधनावरचे प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. नाशिक जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रं कॉलेजच्या वर्कशॉपमधून, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून आणि गॅरेजमधून आली आहेत. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथे या विषयाची ओळख हातातल्या कामातून होते. उत्तरंही त्याच पद्धतीने देत आहोत. जिथे मापं लागतात तिथे मापं दिली आहेत.

प्रश्न : राइट बंधूंनी १९०१ मध्ये स्वतः विंड टनेल (पंख तपासायची वाऱ्याची पेटी) बनवला, असं वाचलं. आम्हाला तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी छोटा टनेल बनवायचा आहे. बजेट बेताचं आहे. मापं आणि खबरदारी सांगाल का? (मेकॅनिकलचे विद्यार्थी, नाशिक)

आधी राइटांनी काय केलं ते नीट बघा, कारण त्यांची युक्ती आजही पैसे वाचवते. त्या काळी हवेच्या दाबाच्या हिशोबात स्मीटनच्या नावाचा गुणांक सर्रास ०.००५ धरत. त्यावरून काढलेली लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारं बल, राइटांच्या १९०१ च्या ग्लायडरला काही मिळेना. स्वतःच्या मोजमापांवरून त्यांना तो गुणांक ०.००३३ च्या आसपास आढळला, म्हणजे सगळे जो आकडा वापरत होते तो दीडपट मोठा होता. मग त्यांनी ६ फूट लांब आणि आतून १६ इंच चौरस अशी लाकडी पेटी बनवली. एका टोकाला पंखा बसवला आणि आत सायकलचे स्पोक व हॅकसॉ ब्लेडचे तुकडे जोडून तराजू केला. या पेटीत त्यांनी दीडशे ते दोनशे छोटे पंख तपासले.

खरी हुशारी त्या तराजूत होती. पंखाची लिफ्ट त्यांनी ग्रॅम-पौंडात मोजलीच नाही. त्याच वाऱ्यात उभ्या केलेल्या सपाट पट्ट्यांवर जो दाब येई, त्याच्याशी ती तोलली. दोन्हींवर वारा एकच, त्यामुळे वाऱ्याचा वेग नेमका किती आणि हवेची घनता किती, हे प्रश्न गुणोत्तरातून गळूनच जातात. तुमच्याकडे चांगला वेगमापक नसेल तर हीच पद्धत वापरा.

आता तुमचा टनेल. पंखा मागे ठेवून हवा ओढून घेणारी रचना करा. पुढून ढकलली तर पंख्याचा पीळ थेट मॉडेलवर येतो. टेस्ट सेक्शन, म्हणजे मॉडेल ठेवायचा भाग, ३० सेंमी चौरस आणि ६० सेंमी लांब, बाजूंना ॲक्रिलिक. पुढचं तोंड ७५ सेंमी चौरस ठेवा, म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहा पटीने आवळलं जाईल. हा आवळणारा भाग सरळ कोनात न करता इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाचा करा. पातळ प्लाय ओला करून वाकवला तर हे जमतं. मागचा डिफ्यूझर ३० वरून ४५ सेंमीपर्यंत रुंदावताना एका बाजूचा कोन ३ अंशांपेक्षा जास्त होऊ देऊ नका. त्यासाठी सुमारे १.४ मीटर लांबी लागते. जागा वाचवण्यासाठी इथेच काटछाट होते. मग हवा भिंत सोडते, वेग खालीवर होऊ लागतो आणि दोष मात्र पंख्याला दिला जातो.

तोंडाशी हवा सरळ करायला कागदी स्ट्रॉ रचा: व्यास ६ मिमी, लांबी ४५ मिमी. ७५ सेंमीच्या चौरसाला अठरा हजारांच्या आसपास तुकडे लागतात, म्हणजे २० सेंमीच्या साधारण साडेचार हजार स्ट्रॉ. व्हार्निशचा एक हात द्या, नाहीतर पावसाळ्यात त्या फुगतात. त्यामागे थोडं अंतर ठेवून खिडकीच्या मच्छरजाळीचे दोन ताणलेले पडदे लावा. जाळीचा उघडा भाग साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त हवा. फार दाट जाळीतून निघणाऱ्या बारीक धारा एकमेकींना चिकटून वारा उलट असमान होतो. जाळीवर धूळ बसली की उघडा भाग कमी होतो, तेव्हा दर काही दिवसांनी ब्रशने झाडा.

१५ मीटर प्रति सेकंद वेगाला या टनेलमधून सेकंदाला १.३५ घनमीटर हवा जाते. एवढी हवा ओढणारा, १४०० फेऱ्यांचा १८ इंची औद्योगिक एक्झॉस्ट फॅन घ्या. घेताना दाबाविरुद्ध तो किती हवा ओढतो ते विचारा. उघड्यावरचा आकडा इथे कामाचा नाही.

वेग मोजायला पिटो नळी (वाऱ्याचा दाब घेणारी) आणि पाण्याचा मॅनोमीटर (तो दाब पाण्याच्या उंचीत दाखवणारी नळी). नाशिकची उंची ६०० मीटरच्या आसपास, त्यामुळे ३० अंशांना इथली हवा घनमीटरला साधारण १.०८ किलो भरते. पुस्तकातला १.२२५ हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा आहे. तो तसाच घातला तर वेग ६ टक्के कमी दिसेल. एप्रिल-मेच्या ४० अंशांत घनता १.०५ पर्यंत उतरते. १५ मीटर वेगाला पाण्याचा फरक जेमतेम साडेबारा मिमी येतो, म्हणून नळी पाचास एक अशी तिरपी ठेवा. मग तो फरक ६२ मिमीचा होतो आणि नीट वाचता येतो.

मॉडेल १० सेंमी कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी) आणि २९.८ सेंमी लांबीचं करा, म्हणजे दोन्ही टोकांना १ मिमी फट राहील. फट वाढली की टोकाकडून हवा निसटते आणि लिफ्ट पडते. लिफ्टचा गुणांक ०.६ असताना सुमारे २२० ग्रॅम बल मिळेल आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध, फक्त ११ ग्रॅमच्या आसपास. लिफ्टला स्वयंपाकघरातला काटा चालेल. ड्रॅगला सराफी काटा लागेल, किमान ०.१ ग्रॅम दाखवणारा. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती कोनाची. तराजूचा आस वाऱ्याच्या दिशेपासून नुसता १ अंश फिरला, तर लिफ्टचे जवळपास ४ ग्रॅम ड्रॅगमध्ये मिसळतात. ११ मध्ये ४ म्हणजे आकडा फुकट गेला. उपाय सोपा आहे: तोच पंख उलटा लावून पुन्हा मोजा आणि दोन्ही ड्रॅगची सरासरी घ्या.

आणखी एक. टनेल चालू असताना खोलीत कोण कुठे उभं आहे यानेही वाचन बदलतं. राइटांना हे लक्षात आलं होतं. मोजताना माणूस ठरल्या जागीच उभा राहावा आणि सामान हलू नये, याची ते काळजी घेत. तुम्हीही जमिनीवर खडूने खुणा करा.

प्रश्न : आम्ही नाका (NACA, अमेरिकेची जुनी विमान संशोधन संस्था) २४१२ हा पंख टनेलमध्ये तपासला. तक्त्यापेक्षा लिफ्ट कमी आणि ड्रॅग दुप्पट येतो. आमचं कुठे चुकतं? (इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रयोगशाळा साहाय्यक, सिन्नर)

बहुधा चुकत नाही. २४१२ म्हणजे २ टक्के बाक, तो कॉर्डच्या ४० टक्क्यांवर, आणि १२ टक्के जाडी. आकार बरोबर कापला असला तरी रेनॉल्ड्स आकडा (वेग, आकार आणि हवेची घनता व चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) जुळत नाही. १० सेंमी कॉर्ड आणि १५ मीटर वेग यांचा इथल्या हवेत रेनॉल्ड्स आकडा ९० हजारही होत नाही. दीड मीटर कॉर्डच्या लहान विमानाचा ६० मीटर वेगाला तो ६० लाखांच्या घरात जातो. कमी आकड्यावर पंखालगतचा हवेचा थर शांत वाहतो, पाठीवर लवकर सुटतो आणि ड्रॅग वाढतो.

१९२० च्या दशकात हीच अडचण सगळ्यांना छळत होती. जर्मन वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्लचे विद्यार्थी माक्स मुंक यांनी अमेरिकेत नाकाच्या लँगली प्रयोगशाळेत त्यावर तोडगा काढला: अख्खा टनेलच पोलादी टाकीत बंद करायचा आणि हवा २० पट दाबायची. दाबाने घनता २० पट होते, पण हवेचा चिकटपणा जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून रेनॉल्ड्स आकडाही २० पट. याच टनेलमधून १९३३ मध्ये ७८ पंखाकृतींचा प्रसिद्ध अहवाल निघाला आणि चार अंकी नावं जगभर रुळली. त्या टनेलची हवा मात्र आतून फार खळबळलेली होती, त्यामुळे पुढे तिथल्या आकड्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. म्हणजे तक्ता वाचतानाही तो कुठल्या टनेलमधला आणि कुठल्या रेनॉल्ड्स आकड्याचा, हे बघायला हवं.

तुमच्यापुरता उपाय: पंखाच्या पाठीवर, पुढच्या काठापासून कॉर्डच्या ५ ते १० टक्क्यांवर, बारीक वाळूची अरुंद पट्टी चिकटवा. थर मुद्दाम खळबळला की तो उशिरा सुटतो. आधी आणि नंतरचे आकडे शेजारी मांडा. प्रोजेक्टसाठी ही तुलनाच फार मोलाची ठरेल.

प्रश्न : आमच्याकडे २०२४ क्रमांकाच्या ॲल्युमिनियमचे रिव्हेट फ्रीझरमधून काढतात आणि लगेच मारायला सांगतात. उशीर झाला तर काय होतं, आणि हे कोणी शोधलं? (फिटर, अंबड)

उशीर झाला तर रिव्हेटचं डोकं काठाशी चिरतं. भिंगातून बघा: चिरा मध्याकडून बाहेर, किरणांसारख्या गेलेल्या दिसतील. असा रिव्हेट ड्रिल करून काढावाच लागतो.

तापवून विझवलेला असा धातू नंतर आपोआप कडक होत जातो, हे आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये आढळलं. साधारण ४ टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेलं ॲल्युमिनियम त्याने तापवून पाण्यात विझवलं. लगेच मोजलं तर मऊ निघालं. सुट्टीनंतर पुन्हा मोजलं तर कडक झालेलं होतं. पोलाद विझवताच कडक होतं, आणि इथे क्रम उलटा होता. यातूनच ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू आला आणि झेपेलिन या हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले. कारण समजायला वेळ लागला. १९१९ मध्ये मेरिका या धातुशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी ते सुचवलं: भट्टीत तांबं ॲल्युमिनियममध्ये विरघळतं, विझवल्यावर ते तसंच अडकून पडतं आणि मग हळूहळू बारीक कणांनी बाहेर येतं. हे कण धातूचे थर एकमेकांवरून सरकू देत नाहीत. १९३८ मध्ये गिनिये आणि प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी, तांब्याचे ते अतिसूक्ष्म पुंजके दाखवून दिले. गंमत अशी की राइटांच्या १९०३ च्या इंजिनाचा क्रँककेस ८ टक्के तांब्याच्या ॲल्युमिनियमचा होता आणि पुढे झालेल्या तपासणीत त्यातही हेच पुंजके सापडले. विल्मच्या आधी तीन वर्षं ते ओतकाम याच गुणाने मजबूत झालं होतं, फक्त कोणाला ठाऊक नव्हतं.

फ्रीझर ही क्रिया रोखून धरतो. उणे १८ अंशांखाली रिव्हेट कित्येक दिवस मऊ राहतात. बाहेर काढल्यावर २०२४ च्या रिव्हेटसाठी १० ते २० मिनिटं मिळतात, २०१७ क्रमांकाच्या रिव्हेटसाठी साधारण तासभर. नाशिकच्या उन्हाळ्यात शेडमध्ये ४० अंश असताना ही वेळ शिथिल समजू नका. एका वेळी मोजकेच रिव्हेट थर्मासमध्ये काढा आणि उरलेले पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका. ते वेगळ्या डब्यात ठेवून भट्टीला परत पाठवा. रिव्हेटना पुन्हा उष्णोपचार चालतो.

भट्टीत तापमान ४९५ अंशांच्या जवळ ठेवावं लागतं. ५०२ च्या आसपास कणांच्या सीमा वितळू लागतात, पृष्ठावर फोड येतात आणि तो माल कुठल्याही उपचाराने सुधारत नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीला न लावता मालाच्या मधोमध ठेवा. भट्टीतून पाण्यापर्यंतचा वेळ १० सेकंदांच्या आत हवा. विझवायला उशीर झाला तर तांबं कणांच्या सीमांवर साठतं आणि पुढे तिथूनच गंज आत शिरतो. १९२० च्या दशकात अशाच आतून पोखरलेल्या पत्र्यांनी विमान बनवणाऱ्यांची झोप उडवली होती. त्यावर १९२७ मध्ये पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटण्याची पद्धत आली, तोच आपला अल्क्लॅड. त्याला मात्र वारंवार भट्टी दाखवू नका. दर वेळी आतलं तांबं थोडं थोडं वरच्या थरात झिरपतं आणि संरक्षण जातं.

प्रश्न : जुन्या विमान इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेलं असायचं म्हणे. कशासाठी? असा व्हॉल्व्ह कापून बघता येईल का? (गॅरेजमालक, नाशिकरोड)

कापू नका, हे आधी. सोडियमला पाणी किंवा कटिंगचं कूलंट लागलं की हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. शिवाय मागे राहणारा कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. भंगारातही असे व्हॉल्व्ह वेगळे ठेवा.

कारण असं: एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं लालबुंद तापतं. उष्णता जाणार ती सीटमधून (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) किंवा दांड्यातून गाइडकडे (दांडा सरकतो ती नळी). भरीव पोलादी दांड्यातून ती पुरेशी जात नाही. अभियंते सॅम हेरन यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन केंद्रात गिब्सन यांच्यासोबत हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांवर काम केलं. पुढे अमेरिकेत त्यांनी पोकळ व्हॉल्व्हवर प्रयोग केले, आधी वितळणारे क्षार घालून आणि मग सोडियम. सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि ८८३ ला उकळतं, म्हणजे चालत्या इंजिनात ते द्रवच असतं. पोकळी अर्धवटच भरलेली असल्याने व्हॉल्व्ह वरखाली होताना सोडियम आत उसळतं, डोक्याची उष्णता घेतं आणि दांड्याला देतं. १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्ग न्यूयॉर्कहून साडेतेहतीस तासांत न थांबता पॅरिसला पोचला, त्या व्हर्लविंड इंजिनाच्या भरवशामागे हेरन यांच्या या कामाचा मोठा वाटा आहे.

व्यवहारातली अडचण गाइडची. बरीच उष्णता तिथून जाते, म्हणून गाइड झिजून फट वाढली की सोडियमचा व्हॉल्व्हही जळतो. सीट ग्राइंड करण्याआधी गाइड तपासा.

प्रश्न : हवेने थंड होणारं इंजिन झाकणात बंद केलं तर ते जास्त तापायला हवं. मग विमानात ते झाकतात कशाला? (अकरावीची विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प)

उघड्या सिलिंडरला समोरून भरपूर वारा लागतो, पण मागची बाजू कोरडीच राहते, कारण हवा कडेने निसटून जाते. झाकण आणि सिलिंडरांमधले वाकवलेले पत्रे मिळून तीच हवा फिन्समधून (सिलिंडरवरच्या उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून) मागच्या बाजूलाही फिरवतात. हवा कमी लागते आणि काम जास्त होतं. १९२८ मध्ये फ्रेड वाइक यांच्या गटाने लँगलीला २० फुटी टनेलमध्ये खरं इंजिन बसवून हे मोजलं. लॉकहीडच्या एअर एक्सप्रेस विमानाला तसं झाकण घातल्यावर वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ वर गेला. घरी बघायचं असेल तर गोल डब्यामागे दोऱ्याचे तुकडे टांग आणि समोरून टेबलफॅन लाव. मागचे दोरे उलट्या दिशेने भिरभिरताना दिसतील.

प्रश्न : पहिल्या जेट इंजिनांची टर्बाइनची पाती लवकर तुटत, ती फक्त उष्णतेमुळे का? (निवृत्त तंत्रज्ञ, ओझर)

उष्णता होतीच. तापलेलं पातं फिरण्याच्या ताणाने हळूहळू लांबतं आणि केसिंगला घासतं. जर्मनीत निकेलची टंचाई होती, म्हणून युंकर्स ००४ या जेट इंजिनाच्या पात्यांसाठी निकेलशिवायचं क्रोमियम-मँगनीज पोलाद वापरावं लागलं, पाती पोकळ करून त्यांतून हवा सोडावी लागली, आणि तरी इंजिनाचं आयुष्य १० ते २५ तासांच्या घरात राहिलं. ब्रिटनकडे १९४१ मध्ये निमोनिक ८० हा मिश्रधातू आला. निकेल-क्रोमियममध्ये थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातलं की बारीक कण तयार होतात आणि तापल्यावरही ताकद टिकून राहते. तत्त्व विल्मचंच, फक्त ते शेकडो अंश वर नेलं.

पण १९४३ च्या उन्हाळ्यात ००४ ची पाती तुटली ती थरथरीमुळे. इंजिनात ज्वलनाच्या ६ नळ्या होत्या, म्हणजे दर फेरीला प्रत्येक पात्याला गरम वायूचे ६ धक्के. मिनिटाला ९००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, म्हणजे ९०० धक्के. टर्बाइनमागच्या ३ आधारांचे धक्केही त्यात मिसळत. पात्याची स्वतःची कंपनसंख्या तिथेच येत होती. ००४ चे रचनाकार आन्झेल्म फ्रान्झ यांच्या गटाने ती मोजायला कानाचा पक्का वादक बोलावला. पात्यावर व्हायोलिनचा गज फिरवून तो स्वर ओळखी. मग पात्यांचा निमुळतेपणा वाढवला, लांबी १ मिमीने कमी केली आणि कमाल फेऱ्या ८७०० वर आणल्या.

१ मिमीने काय होणार, असं वाटेल. करून बघा. ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी व्हाइसमध्ये घट्ट धरा, ६० मिमी बाहेर ठेवा आणि टोकाला हलकेच टिचकी मारा. मोबाइलमधल्या स्वर मोजणाऱ्या ॲपवर ६८० हर्ट्झच्या आसपास आकडा यायला हवा. आता पट्टी ५९ मिमी करा: ७०० च्या जरा वर जाईल. लांबीचा परिणाम वर्गाने होतो, म्हणून १ मिमीने सव्वातीन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. आकडा खूपच कमी आला तर पट्टी नव्हे, पकड ढिली आहे. खऱ्या पात्याच्या मुळाशीही हेच होतं, म्हणून बसवणीतला ढिलेपणा आणि झीज तपासल्याशिवाय कंपनाचा हिशोब पूर्ण होत नाही. शिवाय तापलं की धातू लवचिक होऊन स्वर उतरतो आणि फिरण्याच्या ताणाने तो चढतो. या दोन्हींसह प्रत्येक वेगाला कुठला धक्का कुठल्या स्वराला भिडतो, हे दाखवणारी आकृती कॅम्पबेल यांनी १९२४ मध्येच वाफेच्या टर्बाइनसाठी मांडली होती.

प्रश्न : या काळात कोणी मराठी माणूस होता का? (शिक्षिका, पंचवटी)

होते. विष्णू माधव घाटगे यांनी गॉटिंगेनला स्वतः प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. परतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचं शिक्षण उभं करण्यात त्यांचा वाटा होता. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं, आणि पुढे आपल्या हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्याच्यावरच गिरवले.